सीएफडीत ४४२ न्यूटन, ट्रॅकवर २६५: फॉर्म्युला स्टुडंट गाडीचा डाउनफोर्स कुठे गळतोय?

पिटलेन_पुणे
पुण्यातल्या कॉलेजची टीम आहे, फॉर्म्युला भारतसाठी (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा) नवी गाडी तयार होते आहे. ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, ड्रायव्हरसकट वजन २९० किलो, व्हीलबेस १५५० मिमी. पुढची आणि मागची विंग प्रत्येकी तीन एलिमेंटची, शिवाय अंडरट्रे (गाडीच्या पोटाखालचा, हवेला वळण देणारा पत्रा).

सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) अर्ध्या गाडीचं, सरळ रेषेत, ६० किमी/तास वेगाला. डाउनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणारं बल) ४४२ न्यूटन, ड्रॅग (हवेने मागे ओढणारं बल) १९५ न्यूटन, पुढच्या विंगचा वाटा आणि एकूण डाउनफोर्स यांच्या भागाकारातून बॅलन्स (डाउनफोर्सची पुढच्या-मागच्या चाकांवरची वाटणी) ४६ टक्के पुढे.

ट्रॅकवर चारही डॅम्परना लिनिअर पॉट (डॅम्पर किती दबला ते मोजणारे सेन्सर) लावले. व्हील रेट (चाक एक मिमी हलवायला लागणारं बल) सरासरी २६ न्यूटन/मिमी. सरळ पट्ट्यावर एकाच दिशेने आधी २० किमी/तास आणि मग ६० किमी/तास वेग स्थिर ठेवला आणि दोन्ही रीडिंगमधला फरक घेतला. आला २६५ न्यूटन, त्यातला पुढे फक्त ३० टक्के. वेग पुढच्या चाकाच्या सेन्सरवरून. चूक सीएफडीत शोधायची की मोजमापात? विंगचे साचे पुन्हा करायला वेळ नाही.

स्प्रिंग_रेट
साच्यांना इतक्यात हात लावू नका. या फरकातला बराचसा भाग कागदावरच सुटतो.

आधी हवेची घनता. सॉफ्टवेअरमध्ये १.२२५ किलो/घनमीटर तशीच राहिलेली दिसते. तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश सेल्सिअसचा आहे. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे. ३० अंशाला इथली घनता १.०९ च्या आसपास येते. म्हणजे तुमचे ४४२ न्यूटन पुण्यात ३९४ झाले आणि ड्रॅग १९५ चा १७४ झाला.

दुसरं, २० किमी/तासाला डाउनफोर्स शून्य नसतो. वेग एक तृतीयांश, म्हणून बल एक नवमांश. तुम्ही वजाबाकी करताना तेवढा डाउनफोर्स स्वतःच काढून टाकलात. २६५ ला ८/९ ने भागा, २९८ मिळतात. म्हणजे ४४२ विरुद्ध २६५ हा सामना खरा ३९४ विरुद्ध २९८ असा आहे.

आता उरलेले ९६ न्यूटन. २९८ न्यूटन चार चाकांवर वाटले तर प्रत्येक चाक जेमतेम २.९ मिमी हलतं. डॅम्परच्या सीलचं आणि रॉड एंडचं घर्षण मिळून एका कोपऱ्यात १० ते २० न्यूटन सहज अडकतात. चार कोपरे म्हणजे ४० ते ८० न्यूटन. चालत्या गाडीत कंपनामुळे यातलं थोडं सुटतं, त्यामुळे सगळं घर्षणावर ढकलू नका, पण मोजून घ्या.

त्यासाठी वाळूच्या पिशव्या घ्या, एकूण ४० किलो. हे ३९२ न्यूटन झाले, म्हणजे तुमच्या अपेक्षित डाउनफोर्सइतकंच वजन. ड्रायव्हर बसलेला हवा, टायरचं प्रेशर ट्रॅकवरचंच. पिशव्या विंगवर ठेवू नका, चॅसीवर पुढच्या आणि मागच्या माउंटजवळ ठेवा. पाच-पाच किलोने चढवा, तसेच उतरवा. दर टप्प्याला गाडी मीटरभर पुढे-मागे ढकला, नाहीतर टायर जमिनीला चिकटून सस्पेन्शन बांधून ठेवतात. चढतानाचं आणि उतरतानाचं रीडिंग यातल्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे तुमचं घर्षण. आणि या आलेखाचा उतार म्हणजे खरा व्हील रेट. कॅडमधल्या मोशन रेशोपेक्षा (चाक आणि डॅम्पर यांच्या हालचालींचं प्रमाण) त्यावर विश्वास ठेवा.

बॅलन्सचं उत्तर तर तुमच्या भागाकारातच आहे. ड्रॅग जमिनीवर लागत नाही. मागची विंग उंच असल्यामुळे तो साधारण अर्ध्या मीटर उंचीवर लागतो असं धरा. १७४ × ०.५ ÷ १.५५ = ५६ न्यूटन पुढच्या चाकांवरून उचलले जाऊन मागे जातात. ३९४ पैकी ५६ म्हणजे १४ टक्के. ४६ चे ३२ झाले! सीएफडीत मोमेंट टायर जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूभोवती घ्या आणि दोन्ही ॲक्सलवरची बलं थेट काढा.

आणि इंजिन ओढत असताना मोजू नका, अँटी-स्क्वॉटमुळे (इंजिन ओढताना मागचा भाग खाली बसू न देणारी सस्पेन्शनची रचना) मागचे डॅम्पर खोटं सांगतात. ७० ला क्लच दाबा आणि ६० वरून जातानाचं रीडिंग घ्या. गाडी मंदावत असल्यामुळे सुमारे ४५ न्यूटन पुढे सरकतील (सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी ३०० मिमीवर धरून). त्याने बेरीज बदलत नाही, वाटणी बदलते, ती दुरुस्त करून घ्या.

सीमास्तर
वरचं सगळं पटतं, एक भर घालतो. मोजमाप एकाच दिशेने केलंत तर वारा हिशेब बिघडवतो. १० किमी/तासाचा वारा समोरून आला तर ६० ला बल ३६ टक्क्यांनी वाढतं, पाठीमागून आला तर ३१ टक्क्यांनी घटतं. दोन्ही दिशांची सरासरी काढली की चूक तीन टक्क्यांच्या आत येते. पहाटे मोजा, आणि नाकाच्या पुढे पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी नळी) लावता आली तर उत्तमच.

आता सीएफडी. तुमच्या मेन प्लेनची (विंगचा मुख्य एलिमेंट, त्यामागचे ते फ्लॅप) कॉर्ड, म्हणजे पुढून मागेपर्यंतची रुंदी, २५० मिमीच्या आसपास असेल, तर रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाहाचं स्वरूप सांगणारा आकडा) अडीच लाखाच्या घरात येतो, फ्लॅपवर त्याच्या निम्मा. इतक्या खाली हवेचा थर बराच वेळ लॅमिनार (शांत, सरळ वाहणारा) राहतो आणि फ्लॅपच्या खालच्या बाजूने लवकर सुटतो. सीएफडीतलं साधं के-ओमेगा एसएसटी मॉडेल पहिल्या मिलिमीटरपासून टर्ब्युलंट (खळबळता) थर धरतं, त्यामुळे त्याला हे दिसतच नाही. वर वॉल फंक्शन (पृष्ठभागालगतचा थर अंदाजाने भरणारी सूत्रं) वापरली असतील तर चित्र आणखी गोड दिसतं. वाय-प्लस (पृष्ठभागालगतची जाळी किती बारीक ते सांगणारा आकडा) १ च्या आसपास आणा आणि ट्रान्झिशन मॉडेल (थर लॅमिनारचा टर्ब्युलंट कुठे होतो ते धरणारं) लावून निदान मागची विंग एकटी पुन्हा चालवा.

साचे न बदलता करता येण्यासारखी चाचणी सांगतो. मागच्या शेवटच्या फ्लॅपचा कोन पाच अंशांनी कमी करा आणि तीच धाव घ्या. डाउनफोर्स कमी न होता वाढला, तर फ्लॅप स्टॉल होता (हवा त्याच्यावरून सुटत होती), विषय संपला. मग खालच्या बाजूला कॉर्डच्या ५ ते १० टक्क्यांवर झिगझॅग टेप लावून पाहा. थर मुद्दाम टर्ब्युलंट केला की तो पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो.

एलिमेंटमधली फट मात्र आजच मोजा. एंडप्लेटची (विंगच्या टोकांची उभी पाटी) भोकं हाताने पाडली की ७ मिमीची फट एका टोकाला ७ आणि दुसऱ्या टोकाला १० मिमी निघते. रुंद टोकाला फटीतला झोत फ्लॅपवर चिकटत नाही. ६, ७ आणि ८ मिमीचे गेज थ्रीडी प्रिंट करा आणि पूर्ण लांबीवर फिरवा. विंग वाकते का तेही बघा. नियमातली २०० न्यूटनला १० मिमीची मर्यादा पाळूनसुद्धा पुढच्या विंगची उंची आणि कोन इतके बदलू शकतात की आकडा हलतो.

आणि सरळ रेषेतलं सीएफडी या स्पर्धेसाठी अपुरंच. स्किडपॅडवर (गोल फिरण्याची चाचणी) गाडीचा मार्ग साधारण ९ मीटर त्रिज्येचा असतो. पुढच्या आणि मागच्या विंगमध्ये अडीच मीटर अंतर धरलं तर दोघींना भेटणाऱ्या हवेच्या दिशेत १६ अंशांचा फरक पडतो. अर्धी गाडी सोडा. पूर्ण गाडी घ्या, यॉ (हवेला तिरकी गाडी) आणि रोल (कडेला झुकलेली गाडी) द्या, पुढची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) ३०, ४० आणि ५० मिमी अशी तीन वेळा चालवा.

टफ्ट_आणि_टेप
आकडे जुळवण्याआधी प्रवाह डोळ्यांनी बघा. लोकरीचे ५०-६० मिमीचे तुकडे, दर ५० मिमीवर एक, फक्त पुढचं टोक पातळ टेपने चिकटवलेलं. काळ्या कार्बनवर पिवळी किंवा पोपटी लोकर घ्या. विंगच्या वरच्या बाजूला लावून काही कळत नाही, प्रवाह सुटतो तो खालून. कॅमेरा विंगच्या मागे आणि खाली, निदान एक कॉर्ड लांब ठेवा. जिथे लोकर थरथरते तिथे ठीक आहे, जिथे उलटी फिरते तिथे प्रवाह सुटलाय.

फ्लो-व्हिजसाठी (पृष्ठभागावर प्रवाहाच्या रेषा उमटवण्यासाठी) रॉकेल आणि फ्लुरोसंट पावडर. ६० किमी/तासाला जाड मिश्रण हलतच नाही, इतकं पातळ करा की उभ्या एंडप्लेटवर लावलं तर हळूहळू ओघळेल. लावल्यावर मिनिटभरात गाडी सुटली पाहिजे आणि वेग स्थिर राहिला पाहिजे. ब्रेक जोरात मारला की रेषा पुढे ओघळतात आणि सगळं वाचन चुकतं. सायलेन्सरच्या जवळपास रॉकेल नको, आणि अग्निशामक हाताशी हवाच.

पिटलेन_पुणे
घनता खरंच १.२२५ च होती, आणि बॅलन्सचा भागाकारही तसाच केला होता. पिशव्यांची चाचणी या आठवड्यात घेतो. दोन शंका आहेत. विंगवर प्रेशर टॅप (हवेचा दाब मोजण्यासाठीची बारीक भोकं) लावावेत का? आणि कॉलेजच्या ६०० × ६०० मिमी विंड टनेलचा काही उपयोग होईल का?

सीमास्तर
टॅप लावा, पण सेन्सर बघून घ्या. ६० ला डायनॅमिक प्रेशर (वेगामुळे येणारा हवेचा दाब) जेमतेम १५० पास्कल असतं, विंगखालचं सक्शन त्याच्या तीनपट धरलं तरी ४५०. ± २ किलोपास्कलच्या स्वस्त सेन्सरची अडीच टक्के चूक म्हणजे १०० पास्कल, त्यात सगळं बुडून जातं. ± ५०० पास्कलचे डिफरन्शियल सेन्सर घ्या. भोक १ मिमीचं, पृष्ठभागाला काटकोनात, कडेला बर (ड्रिलने उरलेली धारदार कड) अजिबात नको. मेन प्लेनवर आठ आणि शेवटच्या फ्लॅपवर चार एवढे पुरे. ते मधोमध नाही, एंडप्लेटपासून एक चतुर्थांश अंतरावर लावा. मधला भाग ड्रायव्हरच्या हेल्मेटच्या सावलीत असतो.

६०० मिमीच्या टनेलमध्ये पूर्ण गाडीचं मॉडेल घालू नका. फॉर्म्युला वनलाही मूळ आकाराच्या ६० टक्के मॉडेल आणि ५० मीटर/सेकंद अशी मर्यादा आहे. तिथे फिरता पट्टा असतो, तरीही २०२२ साली गाड्या ट्रॅकवर उसळायला लागल्या तेव्हा टनेलने आधी इशारा दिला नव्हता. तुम्ही मागच्या विंगचा ६०० मिमी लांबीचा, पूर्ण कॉर्डचा तुकडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसवा आणि वेग १७ मीटर/सेकंद ठेवा, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर आपोआप जुळतो. फट आणि फ्लॅपचा कोन बदलून स्टॉल कुठे येतो ते पाहा. भिंतींमुळे लिफ्टचा आकडा खरा येणार नाही, पण कोणती फट चांगली हे कळेल. पुढची विंग तिथे नको, स्थिर जमिनीवर तिचं वाचन फसवं येतं.

स्प्रिंग_रेट
पिशव्यांच्या चाचणीत अँटी-रोल बार सोडून ठेवा आणि बंप स्टॉप लागत नाही ना ते आधी बघा. पॉटचा व्होल्टेज दर टप्प्याला किमान तीन सेकंदांचा सरासरी घ्या. चारही कोपऱ्यांचे आलेख इथे टाका, मागच्या दोन कोपऱ्यांत फरक दिसला तर आधी रॉकरचे (चाकाची हालचाल डॅम्परकडे नेणारा तुकडा) बेअरिंग उघडा.