मदत हवी आहे: मातीतली बुरशी नाशिकमध्ये कुठे तपासतात?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारसाठी जंगलातल्या मातीवर नायट्रोजनचा काय परिणाम होतो ते वाचतोय. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून जंगलाच्या काही तुकड्यांना दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नायट्रोजन देत आले. तिथे बुरशी घटली, पालापाचोळा कुजायचा मंदावला. द्राक्षबागेत युरिया टाकणाऱ्या आमच्या अण्णांना हे काही केल्या पटत नाही!

परवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पाचोळा उकरला. खाली बुरशीचे पांढरे धागे, कापसासारखे. नमुना घरच्या फ्रिजमध्ये ठेवलाय (आई वैतागलीय). माती परीक्षणवाले सामू (पीएच) आणि एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) सांगून मोकळे होतात. बुरशी-जिवाणूंचं प्रमाण कोण मोजून देईल? आणि नमुना फ्रिजमध्ये किती दिवस चालतो?