आत्याच्या कपाटातल्या तीन स्लिपा : ऑनलाइन ओळखी, स्थळं आणि गंडवागंडवी (अनुभव येऊ द्या)

घारूअण्णांची_नात

गेल्या आठवड्यात आत्याचं घर रिकामं केलं. (आत्या ठणठणीत आहे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.) गुरुचरित्राच्या बासनात बँकेत रोख भरल्याच्या तीन स्लिपा निघाल्या. २०१३ सालच्या. ३५,०००, ९२,००० आणि १,४०,०००. तिन्ही वेगवेगळ्या नावांच्या बचत खात्यांवर.

आत्या तेव्हा बावन्नची. काकांना जाऊन सहा वर्षं झालेली. लेकीनेच हौसेने विवाहजुळणीच्या साइटवर तिचं नाव घातलं होतं. महिन्याभरात लंडनचे हाडांचे डॉक्टर भेटले, मूळचे म्हणे सांगलीचे, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता कारण 'आई इंग्लिश'. मग त्यांनी पार्सल पाठवलं : दागिने, मोबाइल, पौंड. मग दिल्ली विमानतळावरून 'कस्टम्सच्या मॅडम'चा फोन. आधी ड्युटी, मग कसलंसं मनी लाँडरिंगचं सर्टिफिकेट, मग दंड, आणि नाही भरला तर अटक.

घरात हे अर्धवटच माहीत होतं. मी स्लिपा हातात घेतल्या तर म्हणाली, "राहू दे गं, मागे वाण्याचा हिशेब लिहिलाय." संध्याकाळी चहा पिताना आपणहून बोलली. पैशांचं दुःख होतंच, पण रोज रात्री साडेनऊला 'जेवलीस का' असा मेसेज यायचा तो बंद झाला, ते जास्त लागलं म्हणाली. मला पुढे बोलताच येईना.

तिला विचारूनच लिहितेय. तुमचे, ओळखीतले अनुभव असतील तर लिहा. नावं नकोत.

कोल्हापुरी_ठसका

आमच्यात मावशी होती, डॉक्टरच्या जागी जहाजाचा कॅप्टन. बाकी सेम टू सेम, पार्सल, कस्टम, मॅडम. एकाच शाळेत शिकतात काय ही लोकं!

सुपारीफोड

सांगलीचा माणूस आणि मराठी येत नाही, तिथेच हळद कुठली लावतो विचारायचं ना :)

घारूअण्णांची_नात

@सुपारीफोड, हे आत्याला वाचून दाखवलं. हसली.

निवृत्त_कॅशियर

बँकेत चौतीस वर्षे काढली. अशी स्लिप भरायला आलेल्या बायका काउंटरवर पाहिल्या आहेत. विचारलं की 'भाच्याला पाठवतेय' म्हणायच्या. एकदा एका बाईंना अर्धा तास बसवून ठेवलं, साहेबांना बोलावलं. त्या रागावून दुसऱ्या शाखेत गेल्या आणि तिथे भरले. असो.

लक्षात ठेवण्यासारखं : कस्टम्स खातं कुणाच्याही खासगी बचत खात्यावर पैसे मागत नाही. परदेशी पार्सलवर ड्युटी असलीच तर ती पोस्ट किंवा कुरियरमार्फत रीतसर पावतीवर भरली जाते. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा पळत असतो, तासाभरात कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात गोठवता येतो. दोन दिवस 'कुणाला सांगू' करत बसलात तर खातं रिकामं. गोठवलेले परत मिळायलाही बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, म्हणून धीर धरा. २०१३ मध्ये हा नंबरच नव्हता, तुमच्या आत्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

अंधेरी_फास्ट

पार्सल वगैरे जुनं झालं काका, आता समोर बसून लुटतात. अ‍ॅपवर मॅच झाली, दोन दिवस गप्पा, तिसऱ्या दिवशी 'आज भेटू'. जागा तिनेच ठरवली. मी म्हटलं वडापाव खाऊ, नाही म्हणाली (हीच धोक्याची घंटा). आत अंधार, मेनूकार्ड नाही, ती वेटरला नुसतं 'नेहमीचं' म्हणाली. चार ग्लास, एक हुक्का, एक प्लेट शेंगदाणे. तिला घरून फोन आला, गेली. बिल २३,८००. दारात दोन पहिलवान. क्यूआर स्कॅन केला तर हॉटेलचं नाव नाही, कुणाचं तरी वैयक्तिक नाव. भरले आणि चालत स्टेशनला आलो कारण रिक्षाला पैसे नव्हते.

कोल्हापुरी_ठसका

२३,८०० चे शेंगदाणे?? भावा खारे तरी होते का

अंधेरी_फास्ट

खवट.

मीरा_मिरची

हसू नका रे. तो एकटा होता आणि दारात पहिलवान, भरले तेच बरं केलं. नंतर तक्रार केलीस का?

अंधेरी_फास्ट

चार दिवसांनी. हवालदार म्हणाले या महिन्यातला तू तिसरा. त्या वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच नाही.

मीरा_मिरची

मी तीन वर्षं अ‍ॅपवर आहे, पुण्यात, घटस्फोटित. माझी पद्धत सांगते. पहिली भेट दिवसा, जागा मी ठरवणार, जाणं-येणं माझ्या स्कूटरवर. बहिणीला लाइव्ह लोकेशन. तिचा पाऊण तासाने फोन येतो, मी 'दूध तापवलंस का' म्हटलं तर सगळं ठीक. 'दूध नासलं' म्हटलं तर ती येते. एकदाच नासलंय.

आणि एक चोरटी युक्ती. नंबर मिळाला की यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकून बघायचा, पैसे पाठवायचे नाहीत, नुसतं नाव दिसतं. एक 'अविवाहित समीर' तिथे भलत्याच नावाचा निघाला. विचारलं तर म्हणे मित्राचं सिम आहे. पण हे उलटंही चालतं, तुमचा नंबर दिला की तुमचं पूर्ण नाव त्याला दिसतं. म्हणून मी वेगळं सिम ठेवलंय, त्यावर यूपीआय नाही. फोटोही बाकी कुठेच न टाकलेला लावते, नाहीतर फोटोवरून शोधून ऑफिसपर्यंत पोचतात.

सुपारीफोड

दूध नासलं, हसून हसून पुरेवाट. अवांतर : स्कूटर कुठली?

आज_नाव_नको

नेहमीच्या आयडीने लिहिणार नाही. माझा धाकटा भाऊ, वय २३. अनोळखी मुलीचा रात्री व्हिडिओ कॉल, पुढे काय ते समजून घ्या. दोन मिनिटांत रेकॉर्डिंग आणि त्याच्या मित्रयादीचे स्क्रीनशॉट आले. ५,००० दिले. मग १५,०००. मग 'दिल्ली क्राइम ब्रांच'च्या कुणाचा फोन, मुलीने जीव दिला, तुझ्यावर केस. त्या रात्री तो गच्चीवर गेला होता. आई वाळलेले कपडे काढायला वर गेली म्हणून वाचला.

आईला सगळं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाठवू दे, मी पण बघेन आणि डिलीट करीन." पैसे बंद केले, अकाउंट ब्लॉक, स्क्रीनशॉट ठेवून तक्रार केली. त्यांनी दोघांना पाठवलंच. एकाने न उघडता पुसलं. दुसरा अजून चिडवतो. बस, इतकंच झालं. पैसे दिले तेव्हाच मागणी वाढत होती.

निवृत्त_कॅशियर

तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.

घारूअण्णांची_नात

+१. डोळे भरले.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत मराठी मंडळातल्या एका गृहस्थांचं झालं. बाई पैसे मागायचीच नाही. उलट ती रोज किती कमावते ते दाखवायची, क्रिप्टोच्या अ‍ॅपवर. यांनी थोडे टाकले, नफा झाला, काढूनही मिळाले! म्हणून विश्वास बसला. मग रिटायरमेंटचे टाकले. काढायला गेले तर 'आधी टॅक्स भरा'. अ‍ॅपच बनावट, आकडे नुसते पडद्यावर. सहा महिने फोनवर चेहरा एकदाही दाखवला नव्हता. ते आता गणपतीलाही येत नाहीत.

कोल्हापुरी_ठसका

कुणीतरी घरी जाऊन आणा की त्यांना

जर्सीकर

हं. जायला हवं. शनिवारी बघतो.

वरणभात_लिंबू

कुकर लावलाय, घाईत विचारते. आखातात तेलाच्या रिगवर इंजिनियर, मराठी, छान बोलतात. अडीच महिने झाले. व्हिडिओला नेटवर्क नाही म्हणतात. मशीनचा पार्ट अडकलाय, कंपनीचं खातं ब्लॉक, ६०,००० हवेत, सुट्टीवर आले की देतील. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

मीरा_मिरची

नेटवर्क नाही पण पैसे मागायला आहे. ताई, पाठवलेत का?

वरणभात_लिंबू

नाही. उद्या एफडी मोडणार होते.

निवृत्त_कॅशियर

मोडू नका. त्यांना काही कळवूही नका, मेसेज पुसू नका.

घारूअण्णांची_नात

ताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय, माझा नंबर आहे त्यात. शेजारी आत्या बसलीये. ती म्हणतेय, शिट्ट्या होऊ देत, मग फोन कर, मी बोलते.