पत्रिकेवरचा क्यूआर स्कॅन होत नाहीये (फॅमिली ग्रुप, लग्नाची तयारी)

दादा: पत्रिकेचं डिझाईन वर टाकलंय. उद्या प्रेसला फायनल द्यायचंय, प्लीज सगळ्यांनी नावं नीट बघा. मागच्या बाजूला हॉलच्या लोकेशनचा क्यूआर घेतलाय, मरूनवर सोनेरी फॉइल, मस्त उठून दिसतोय

आत्या: छान झालीय रे. फक्त निमंत्रकांमध्ये मोठ्या काकांचं नाव आधी घे, वयाने मोठे ते

दादा: हो आत्या, करतो

मोठे मामा: क्यूआर उघडत नाही माझ्या फोनवर. प्रेसकडून आलेलं सॅम्पल कार्ड इथे माझ्याकडेच आहे, त्यावर धरून बघितलं.

वहिनी: माझ्याकडच्या कार्डावर झाला पण कार्ड तिरकं करून बराच वेळ धरावं लागलं

दादा: मामा लाईटखाली धरून बघा ना, मी पीडीएफवर चेक केलेलं, लगेच झालेला

छोटे काका: थांब रे, उद्या देऊ नकोस प्रेसला. पीडीएफवर सोनेरी म्हणजे नुसता सपाट पिवळा रंग असतो म्हणून तिथे होतोच, खरी फॉइल वेगळी, ती स्टीलच्या ताटासारखी चमकते, एका कोनातून पांढरीशुभ्र दिसते आणि जरा हात हलला की काळपट, कॅमेऱ्याला कुठला ठिपका गडद आणि कुठला फिका तेच कळत नाही. वर तू उलटा पण केलायस, म्हणजे जमीन गडद आणि ठिपके फिके. क्यूआर मुळात फिक्या जमिनीवर गडद ठिपके असाच वाचायचा. उलटा वाचणारे फोन आहेत आता पण सगळे नाहीत, आणि आपल्याकडे येणारी निम्मी मंडळी जुने फोन वापरतात

दादा: पण काका पांढरा चौकोन टाकला तर सगळा लूक जातो ना कार्डचा

छोटे काका: मागच्या बाजूलाच आहे ना तो. खाली हस्तिदंती रंगाची एक पट्टी घे, तिच्यावर कोड काळा. लूकपेक्षा मला काळजी आहे ती गावाकडून येणाऱ्यांची, त्यांना मुहूर्ताआधी हॉल सापडला पाहिजे, त्या दिवशी कुणाला फोन उचलायला सवड नसणार

आत्या: खरंय. मागच्या लग्नात आमची गाडी भलत्याच मंगल कार्यालयात गेली होती

मोठे मामा: आणि त्याच्या मधोमध गणपती बसवलाय त्याने काही होतं का?

छोटे काका: होतं मामा. क्यूआर जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली निघाला, गाड्यांचे पार्ट मोजायला, तिथे खोक्यांवर तेल धूळ लागणारच म्हणून थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा अशी सोय त्यातच आहे. चार पातळ्या असतात, एल एम क्यू एच, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघाड चालतो. आता लोक काय करतात, ते ३० टक्के सगळे लोगोत घालवतात, मग कार्ड पाकिटात घासलं किंवा शाई जरा पसरली की शिल्लक काहीच नाही. गणपती पत्रिकेवर सगळ्यात वर आहे तो तिथेच शोभतो, कोडच्या पोटात नको

वहिनी: कोपऱ्यातल्या वेलबुट्टीचं काय? ती कोडला टेकलीय

छोटे काका: बरं झालं बघितलंस!! तीच तर मोठी अडचण. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन आहेत ना, कॅमेरा आधी त्यांनाच शोधतो, आणि कोड कुठे संपला हे त्याला भोवतीच्या रिकाम्या जागेवरून कळतं. चारी बाजूंनी चार ठिपक्यांइतकी जागा मोकळी हवी, त्यात वेल नाही, बॉर्डर नाही, "स्कॅन करा" हे अक्षर सुद्धा नाही, ते त्याच्या बाहेर लिहा. डिझाईन करणारी मुलं ही जागा वाया गेली असं समजून सगळ्यात आधी तीच कापतात

दादा: ओके. साईज? आत्ता दीड सेंटीमीटर आहे

छोटे काका: लिंक कुठली टाकलीयस?

दादा: गुगल मॅप्सवरून कॉपी केली, ब्राउझरमध्ये वर जी येते ती

छोटे काका: म्हणूनच एवढा बारीक झालाय. जेवढी अक्षरं जास्त तेवढे ठिपके जास्त, सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चा आणि सगळ्यात मोठा १७७ बाय १७७. ती लांब लिंक दोनशेच्या आसपास अक्षरं असेल तर एम पातळीला ५७ बाय ५७ होतो, दीड सेंटीमीटरमध्ये एक ठिपका पाव मिलिमीटरचा, टेक्श्चरच्या कागदावर ते सगळे एकमेकांत मिसळणार. मॅप्समध्ये शेअर दाबलं की लहान लिंक येते, चाळीसेक अक्षरांची, ती टाकलीस तर २९ बाय २९ मध्ये बसतं. मग सव्वादोन सेंटीमीटर कर, ठिपका पाऊण मिलिमीटरचा होतो, मामांचा फोन पण वाचेल

मोठे मामा: माझा फोन चांगला आहे, कॅमेऱ्याच्या काचेला चरा गेलाय फक्त.

छोटे काका: मग तर तुमच्याच फोनवर टेस्ट करायची मामा, तुमच्यावर झाला की सगळ्यांवर झाला

वहिनी: मी तो कोड एका फ्री साईटवरून बनवलेला, त्यात नंतर लिंक बदलता येते असं लिहिलं होतं म्हणून. ते ठीक आहे ना?

छोटे काका: नको. तसा कोड आधी त्या साईटवर जातो आणि तिथून पुढे मॅपवर. फ्रीची मुदत संपली की साईट मधेच पैसे मागते आणि छापलेली सगळी कार्डं फुकट, हे मी प्रेसमध्ये बघितलंय, भरलेले गठ्ठे परत आलेत. साधा स्टॅटिक कोड बनव, ज्यात लिंक थेट असते, त्याला मुदतच नाही. आणि बनवल्यावर एसव्हीजी फाईल घे, ती लहानमोठी केली तरी कडा साफ राहतात, जेपीजी म्हणजे फोटोसारखी फाईल नको

आत्या: आहेरासाठी पण एक क्यूआर टाकायचा का? हल्ली टाकतात

मोठे मामा: नको. कृपया आहेर आणू नये असं छापायचं ठरलंय ना आपलं.

आत्या: हो ते बरोबर

दादा: काका प्रेसवाला म्हणतो तो कोरलमध्ये (त्याच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवेल, त्याला काय सांगू?

छोटे काका: तीन गोष्टी पक्क्या सांग. ओढून लांबट करू नकोस, लांबी रुंदी सारखीच राहू दे. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, काळा रंग फक्त काळ्या प्लेटवर घ्यायचा, चारी रंग मिसळून केलेला काळा नको, कारण प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक ठिपक्याला लाल निळी कड येते आणि बारीक कोडात तेवढं पुरतं. आणि कार्डची घडी कोडवरून जाता कामा नये, आत्ताच्या डिझाईनमध्ये अगदी कडेला लागून चाललीय, एक सेंटीमीटर तरी आत घे. हो, आणि त्या भागावर ग्लॉसी लॅमिनेशन नको, मॅट चालेल

मोठे मामा: हॉलच्या गेटवर पार्किंगचा फ्लेक्स लावतोय आपण, त्यावर पण हाच टाकायचा ना?

छोटे काका: पार्किंगच्या जागेची वेगळी लिंक घ्या त्यासाठी मामा, हॉलच्या गेटवर उभा असलेल्याला हॉलचं लोकेशन काय कामाचं. आणि फ्लेक्सवर हिशोब वेगळा, जितक्या अंतरावरून स्कॅन करणार त्याचा दहावा भाग तरी कोड हवा, गाडीत बसून तीन मीटरवरून धरणार असतील तर ३० सेंटीमीटर. छातीच्या उंचीवर लावा, वर कमानीला नको, आणि फ्लेक्स ताणून बांधा, सुरकुती पडली की कोड वाकडा होतो

आत्या: मला तर अजून स्कॅन करायला जमत नाही, पत्ता लिहिलेला असू दे बाई

छोटे काका: ताई तो काढणारच नाहीये. पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि एक फोन नंबर कोडच्या शेजारी मोठ्या अक्षरात राहणार, रेंज नसली तर त्याचाच आधार

दादा: ठीक आहे. हस्तिदंती पट्टी, काळा कोड, सव्वादोन सेंटीमीटर, गणपती बाहेर, वेल मागे घेतो. वहिनी नवीन कोड आज रात्री देशील का?

वहिनी: हो देते, शेअरवाली लिंक टाकून

छोटे काका: प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना त्याच कागदावर मागव, साध्या झेरॉक्सवर नको. संध्याकाळी ट्यूबलाईटमध्ये आणि हॉलच्या पिवळ्या दिव्यात दोन्हीकडे बघायचं, आणि नुसता बीप झाला म्हणजे झालं असं नाही, मॅप उघडून पिन हॉलच्याच गेटवर पडते का ते बघ, मागच्या गल्लीत नाही ना. मामांकडून ओके आल्याशिवाय छपाई सुरू करू देऊ नकोस

मोठे मामा: प्रूफ आलं की घेऊन ये, मी घरीच आहे.

दादा: हो मामा, आणतो

छोटे काका: आणि वहिनी, ती फाईल इथे फोटो म्हणून टाकू नकोस, व्हॉट्सॲप दाबून खराब करतं, डॉक्युमेंट म्हणून टाक नाहीतर मेल कर