कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचा मायनर: घ्यावा का?

शंकासुर:
लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा छोटा विषय, निवडायचाय आणि बाईसाहेब कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सवर (मेंदूत विचार, स्मृती कशा घडतात त्याचा अभ्यास) अडून बसल्यात. माझं मत: चार-पाच पेपरांत हिप्पोकॅम्पस, अमिग्डला ही मेंदूच्या भागांची नावं तोंडात बसतात, विषय हाती लागत नाही. त्यापेक्षा संख्याशास्त्र घ्यावं, कुठेही कामाला येतं. पटत नसेल तर भांडा.

ताकभात:
भांडतेच. मानसशास्त्राला असताना मी हाच मायनर केला. ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायच्या) पहिल्या प्रॅक्टिकलला आधी टेपने डोकं मोजायला लावलं. नाकाच्या मुळापासून कवटीमागच्या उंचवट्यापर्यंत, मग त्या अंतराच्या 10 आणि 20 टक्क्यांवर खुणा. टोपी चढवली, केसांत जेल भरलं (दोनदा शाम्पू केला तरी निघत नाही मेलं). मैत्रिणीने डोळे मिटले आणि मागच्या इलेक्ट्रोडच्या रेघा एकदम लयीत डोलायला लागल्या, सेकंदाला दहाएक हेलकावे. अल्फा लहरी. डोळे उघडले की गायब! पापणी लवली की पुढच्या रेघा उसळायच्या, पण तो मेंदू नव्हे, डोळ्यांचा कचरा. हे नुसतं वाचून येतं का हो?

शंकासुर:
कचरा निवडणं म्हणजे संख्याशास्त्रच की! 2009 चा तो सॅमन मासा आठवा. मेलेला मासा एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅनर) ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, यांच्या मनात कोणती भावना आहे ते विचारलं. आणि मेंदूत चक्क ठिपके पेटले. हजारो ठिकाणं एकदम तपासायची आणि त्याची दुरुस्ती गणितात करायची नाही, मग योगायोगाने काहीतरी पेटणारच. 2012 ला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं त्याला.

उंटावरचा:
पण मासा स्कॅनरमध्ये घातला कोणी? त्याच क्षेत्रातल्या लोकांनी. आणि स्कॅनरशिवायही हा विषय आहेच. हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाचं 1953 साली अपस्माराचं ऑपरेशन झालं, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा गेला. नवीन काही लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज हात सुधारायचा, आणि काल गिरवली होती हे मात्र आठवायचं नाही. स्मृती एकच नसते, हे एका माणसाने दाखवलं. सरासरी काढून काय दिसलं असतं?

मधलीआळी:
मुद्दा लॅबचा आहे. कॉलेजात ईईजी मशीन आहे का, विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, एवढं विचारून या. नुसत्या स्लाइड असतील तर शंकासुरांचंच खरं.

शंकासुर:
विचारतो. कन्येने धागा वाचला, आता शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मागे उभी आहे. माझं डोकं नाकाच्या मुळापासून मागपर्यंत 36 सेंटीमीटर भरलं. मत बदललेलं नाही.