रग्बी स्पर्धेच्या दिवशी सोबत काय न्यावे? (अनुभव धागा)

मुंबईत रग्बीचा हंगाम परंपरेने पावसाळ्यात असतो, कारण भिजून मऊ झालेल्या जमिनीवर टॅकल (चेंडू घेतलेल्या खेळाडूला पकडून खाली पाडणे) खाऊन पडणे त्यातल्या त्यात सुसह्य असते. शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा मात्र थंडीत होतात, कधी कधी रणरणत्या उन्हातही होतात. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा सेव्हन्स प्रकारच्या असतात, म्हणजे मैदानावर सात खेळाडू, राखीव पाच आणि प्रत्येकी ७ मिनिटांची दोन सत्रे. मधली विश्रांती धरूनही सामना साधारण पाव तासात संपतो, पण एका दिवसात तीन-चार सामने असल्यामुळे सकाळी सातला मैदानावर पोहोचलेला संघ संध्याकाळपर्यंत तिथेच असतो, आणि त्या नऊ-दहा तासांत खेळण्यापेक्षा थांबण्याचाच वेळ कितीतरी अधिक असतो. भिजलेल्या कपड्यांत, अर्धपोटी, पाय आखडून बसलेला संघ तिसऱ्या सामन्यात ओळखूही येत नाही, हे मी व्यवस्थापक म्हणून चार हंगाम पाहिले आहे.

माझा स्वतःचा धडा हवेच्या पंपाचा आहे. एका स्पर्धेला मी चार चेंडू आणि पंप घेऊन गेले, पण पंपाची सुई घरीच राहिली होती. नियमाप्रमाणे चेंडूतील दाब ९.५ ते १० पीएसआय असावा लागतो. आमचे चारही चेंडू त्याहून बरेच मऊ होते, त्यामुळे सरावाला शेजारच्या संघाकडून चेंडू मागून घ्यावा लागला. तेव्हापासून दोन सुया पंपाच्या मुठीलाच टेपने चिकटवलेल्या असतात. आपण खेळाडू, पालक, प्रशिक्षक, पंच, कोणीही असाल, तर कोणती वस्तू नेल्यामुळे दिवस सावरला आणि कोणती न नेल्यामुळे अडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

हूकर, डोंबिवली

मी हूकर, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणारा खेळाडू, आणि माझे बहुतेक सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाले आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत जाता येते, त्यामुळे लोकलच्या गर्दीत खांद्यावर जेवढे पेलेल तेवढेच न्यायचे, हा माझा पहिला हिशेब असतो. त्या एका पिशवीत तीन स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशव्या असतात: पहिलीत सामन्याचे कपडे, दुसरीत सामन्यांच्या मधल्या वेळेत घालायचे कोरडे कपडे आणि तिसरी रिकामी, चिखलाने भरलेले कपडे टाकण्यासाठी. मोज्यांच्या जोड्या मी सामन्यांच्या संख्येइतक्या नेतो, कारण ओल्या मोज्यांत टाचेला फोड आला की दुपारनंतर धावणे संपते. टॉवेलऐवजी दोन पातळ पंचे नेतो, कारण टॉवेल एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही आणि पंचा पिळून वापरता येतो.

संघासाठी सर्वांत उपयोगाची वस्तू कोणती असे विचाराल तर मी ताडपत्री म्हणेन, आणि एक नव्हे तर दोन, एक अंथरायला आणि एक बांधायला, त्यासोबत पंधरा-वीस मीटर सुतळी. झाडाखाली बसू म्हणणारे संघ पहिल्या जोरदार सरीत सामानासकट भिजतात.

पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी साबण आणि स्वच्छ पाण्याची एक बाटली निव्वळ जखमांसाठी वेगळी ठेवावी. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि खरचटलेल्या कातडीतून त्याचे जंतू शिरतात, म्हणून सामना संपल्या संपल्या गुडघे-कोपरे धुऊन घ्यावेत आणि नंतरच्या दिवसांत ताप आला तर आपण चिखलात खेळलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शालेय संघाचे प्रशिक्षक, यवतमाळ

वरील अनुभव वाचून आमचे जग किती निराळे आहे हे जाणवले. आमच्याकडे चिखल नाही. मुरूम, खडे आणि सराटे आहेत. सराट्याचा काटा तळहातात किंवा गुडघ्यात मोडला की तो काढण्यासाठी चांगला उजेड, चिमटा आणि धीर लागतो. म्हणून आमच्या संघाच्या सामानात दोन खराटे आणि दोन घमेली असतात. स्पर्धेच्या दिवशी आम्ही तासभर आधी पोहोचतो, सगळी मुले एका ओळीत हातभर अंतरावर उभी राहतात आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत खडे, काचा, काटे वेचतात. यजमानांनी मैदान साफ केलेले असले तरी आम्ही हे करतोच, आणि प्रतिस्पर्धी संघाची मुलेही बहुधा आपण होऊन त्या ओळीत येऊन उभी राहतात.

रेषा आखण्याच्या फक्कीबद्दलही सांगायला हवे. काही ठिकाणी फक्की म्हणून चक्क चुना वापरतात. ट्राय लाइनवर (जिथे चेंडू टेकवला की गुण मिळतात त्या रेषेवर) तोंडघशी पडलेल्या आमच्या एका मुलाच्या डोळ्यांत तो गेला, तेव्हा जवळ पिण्याच्या पाण्याचा जार होता म्हणून पंधरा-वीस मिनिटे सतत पाणी ओतून डोळा धुता आला आणि मगच त्याला दवाखान्यात नेले. आता मी पाण्याच्या हिशेबात प्यायचे आणि धुण्याचे असे दोन भाग करतो आणि ऊन असेल तर माणशी किमान चार लिटर पाणी धरतो. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचे असते; मुले ते पेलाभर पाण्यात ढवळून पितात, ते चुकीचे आहे, म्हणून लिटरच्या मापाच्या बाटल्या न्याव्यात.

गोलच्या खांबांना बांधायचे जाड फोम आणि दोऱ्याही आम्ही नेतो, कारण उघड्या लोखंडी खांबाशेजारी मी मुलांना खेळवत नाही. किकिंग टी (किक मारण्यासाठी चेंडू उभा ठेवायची बैठक) मात्र सेव्हन्सला न्यायची गरज नाही, कारण त्यात कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) ड्रॉप किकनेच, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून तो उसळताच लाथाडून, घ्यावे लागते. पंधरा खेळाडूंच्या सामन्याला ती अवश्य न्यावी.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

अनेक संघ प्रथमोपचाराची पेटी आणतात, पण ती उघडली की आत वेदनाशामक गोळ्यांची पाने आणि एक वाळलेली मलमाची ट्यूब निघते. रग्बीसाठी पेटी निराळी भरावी लागते. बोटे बांधण्यासाठी अडीच सेंटिमीटर रुंदीची चिकट टेप, घोटे आणि मनगटे बांधण्यासाठी त्याहून रुंद टेप, चार-पाच क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज भरपूर, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, त्रिकोणी पट्टी आणि पेट्रोलियम जेली इतके तर हवेच. टेप स्पर्धेच्या सकाळी लागतेच, म्हणून ज्याला रोज जितकी लागते त्याच्या दुप्पट न्यावी. पावसात ती सुटते आणि प्रत्येक सामन्याआधी नव्याने बांधावी लागते.

बर्फ नेण्याची सोय अनेकांना अवघड वाटते, पण सकाळी मासळी बाजारातून किंवा बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणली आणि चांगल्या झाकणाच्या आइसबॉक्समध्ये भरली तर ती संध्याकाळपर्यंत पुरते. तो बर्फ खाण्याचा नसतो, हे पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. दुखऱ्या जागी ओल्या कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे लावावा. थेट कातडीवर ठेवल्यास कातडी पोळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतले ती सांगते. डोक्याला मार लागलेला, गोंधळलेला, तोल जाणारा किंवा क्षणभर शुद्ध हरपलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचा नाही, मग तो कितीही विनवण्या करो आणि सामना अंतिम असो. टोपीसारखे मऊ हेडगार्ड घातल्याने कातडी आणि कान वाचतात, मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. या निर्णयाला पाठबळ देणारी वस्तू म्हणजे एक साधी वही. तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या घरचा दूरध्वनी क्रमांक, रक्तगट, दमा किंवा ॲलर्जी असल्यास तिची नोंद, जवळच्या आणि रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता आणि दिवसभर मैदानावर थांबणाऱ्या वाहनाच्या चालकाचा क्रमांक लिहिलेला असावा. मोबाइलमध्ये हे सगळे असते असे सांगितले जाते, परंतु एका स्पर्धेत ज्यांच्याकडे क्रमांक होते त्यांचा फोन भिजून बंद पडला होता आणि मुलीच्या वडिलांना कळवायला आम्हाला पाऊण तास लागला. दमा असलेल्या खेळाडूचा पंप त्याच्या सॅकच्या तळाशी न ठेवता व्यवस्थापकाच्या कमरेच्या पिशवीत ठेवावा.

चौदा वर्षांखालील खेळाडूची आई, सातारा

माझी मुलगी दोन वर्षांपासून खेळते. सुरुवातीला मी डब्यात पुरी-भाजी दिली होती आणि दुसऱ्या सामन्यात तिला मळमळले. आता सकाळी घरून निघताना ती दूध-पोळी किंवा उपमा पोटभर खाऊन निघते आणि दिवसभर थोडे थोडे खाते. गूळ-तूप लावलेल्या पोळीच्या सुरळ्या, मीठ-जिरे घातलेले उकडलेले बटाटे, केळी, राजगिऱ्याच्या वड्या आणि खजूर हे सगळे चिखलाच्या हातांनीही कागदात धरून खाता येते. दहीभात मी शेवटच्या सामन्यानंतरसाठी वेगळ्या डब्यात देते. कोकम सरबत पाण्यात मीठ थोडे जास्त घालून दिले तर मुली ते आवडीने पितात, नुसते पाणी मात्र त्यांना आग्रह करून पाजावे लागते. मैदानाबाहेरचा वडापाव मी कोणालाही खाऊ देत नाही, निदान शेवटची शिट्टी होईपर्यंत तरी.

मुलींच्या संघाबरोबर सॅनिटरी पॅड, गडद रंगाच्या जादा शॉर्ट्स, आत घालायच्या घट्ट पँट, केस बांधायला धातू नसलेले रबर आणि कपडे बदलताना आडोसा करायला दोन जुन्या साड्या असाव्यात. बऱ्याच मैदानांवर मुलींसाठी खोली नसते. साडी चार हातांनी धरली की आडोसा होतो, आणि तीच साडी दुपारी उन्हात सावलीसाठी बांधता येते. वयाच्या दाखल्याची मूळ प्रत आणि दोन छायाप्रती मी जाड प्लास्टिकच्या पाकिटात नेते, कारण आमच्यासमोर एका मुलीला मूळ कागद नसल्यामुळे दिवसभर बाकावर बसावे लागले आणि तिचे रडणे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पंच, मुंबई

खेळाडूंनी घरीच काढून ठेवावे अशा गोष्टींबद्दल लिहितो. अंगठी, कडे, कानातले, साखळी, जोडवी, मंगळसूत्र यांपैकी काहीही घालून खेळता येत नाही आणि वर टेप लावली तरी चालत नाही. हातातला गंडा किंवा दंडातला ताईत काढायला सांगताना मलाही अवघड वाटते, पण दागिन्यात अडकून बोटाची कातडी सोलली गेलेली मी पाहिली आहे. प्रत्येक संघाने चेन असलेली एक छोटी पिशवी आणि ती सांभाळणारी एक विश्वासाची व्यक्ती ठरवून ठेवावी, म्हणजे मैदानाच्या कडेला ऐनवेळी गोंधळ होत नाही. नेलकटरही त्याच पिशवीत असू द्यावा.

बुटांचे स्टड (तळाचे खुंट) २१ मिलिमीटरपेक्षा लांब नसावेत आणि त्यांच्या कडा धारदार नसाव्यात. सिमेंटवरून चालत आल्यामुळे धातूच्या स्टडना धार येते, म्हणून मैदानापर्यंत चपला घालून यावे आणि बारीक कानस, स्टडची चावी व चार-पाच जादा स्टड सोबत आणावेत. रक्त लागलेली जर्सी घालून खेळता येत नाही, हा नियम अनेक संघांना तो लागू होतो त्या क्षणीच कळतो. त्यामुळे दोन-तीन जादा जर्सी हव्यातच. शिवाय दोन्ही संघांचे रंग सारखे निघण्याचा प्रसंग दर स्पर्धेत एकदा तरी येतो, तेव्हा निराळ्या रंगाचा पूर्ण संच ज्यांच्याकडे असतो त्यांचा सामना वेळेवर सुरू होतो.

विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू), नागपूर

फक्त एका वस्तूबद्दल सांगायचे आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड मी स्कूटरच्या डिकीत ठेवला होता. मे महिन्याच्या उन्हात त्याचा आकार बिघडला आणि सामन्याच्या वेळी तो तोंडात बसेना. आता त्याला छिद्रांची डबी आहे, ती सावलीत असते आणि न वापरलेला दुसरा माउथगार्ड संघाच्या पेटीत असतो.

एक वडील, लेस्टर

इंग्लंडमध्ये लहान मुलांचे रग्बी रविवारी सकाळी असते आणि हिवाळ्यात मैदानावर दोन-तीन अंश तापमान असते. माझा मुलगा सात वर्षांखालील गटात असताना टॅग रग्बी (टॅकलऐवजी कमरेची फीत ओढून घेण्याचा प्रकार) खेळायचा, त्यामुळे कमरेचे पट्टे आणि दोन रंगांच्या फिती हेच मुख्य सामान होते. नऊ वर्षांखालील गटापासून टॅकल सुरू झाले आणि माउथगार्ड आला. इथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सामन्यांच्या मधल्या थंडीचे व्यवस्थापन. घाम आलेले मूल पाच मिनिटांत कुडकुडू लागते, म्हणून जर्सीच्या आत अंगाला घट्ट बसणारा थर्मल, बाहेर आल्यावर वरून घालायचा टोपीचा लांब कोट, लोकरी टोपी आणि थर्मासमध्ये गरम टोमॅटोचे सार, हे सगळे मी काठावर हाताशी ठेवतो. आल्याचा चहा पालकांसाठी वेगळा असतो. गाडीच्या डिकीत जुने ब्लँकेट, बूट घासायचा ब्रश आणि पाच लिटर पाण्याचा कॅन असतो, कारण इथल्या चिकणमातीने माखलेले बूट घेऊन गाडीत बसता येत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. खराटा, साड्या आणि कानस या तीन वस्तू माझ्या यादीत कधीच नव्हत्या, त्या आजच लिहून घेतल्या. एक प्रश्न डोंबिवलीच्या हूकरना: दोन दिवसांची स्पर्धा असेल तर पहिल्या दिवशी भिजलेले बूट दुसऱ्या सकाळपर्यंत तुम्ही कसे वाळवता? आमच्या मुलांनी ते हीटरसमोर ठेवले होते आणि तळ सुटला.

हूकर, डोंबिवली

उष्णतेने डिंक सुटतो, म्हणून हीटर किंवा हेअर ड्रायर नकोच. मी पिशवीत नेहमी जुनी वर्तमानपत्रे नेतो. सामना संपल्यावर बूट धुऊन, आतील सोल काढून, कागदाचे बोळे बोटांपर्यंत घट्ट कोंबायचे. पहिले बोळे तासाभरात चिंब होतात, ते काढून नवे भरायचे, झोपण्यापूर्वी पुन्हा बदलायचे आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवायचे. चामडे सकाळी किंचित दमट राहते, पण पाय आत सरकतो आणि आकार टिकतो. एका जोडीला दोन दिवसांची वर्तमानपत्रे लागतात. बारा जणांच्या संघासाठी रद्दीवाल्याकडून तीन किलो घेतली की पुरतात.