शब्दचर्चा: नदीबंदराचा ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ मराठीत कसा सांगायचा?

उतारू: एका सार्वजनिक नदीबंदराच्या पुढच्या वीस वर्षांच्या नियोजनाचा दस्तऐवज मराठीत आणायचं काम हातात आहे. ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ आणि ‘मास्टर प्लॅन’ एकाच वाक्यात आले की माझी गाडी अडते. पहिल्याला ‘व्यूहात्मक योजना’ म्हणावं असं एकाने सुचवलं, पण वाचताना बंदर लढाईला निघाल्यासारखं वाटतं. शिवाय ‘लँडलॉर्ड पोर्ट’, ‘हिंटरलँड’ आणि ‘गेज’ हेही आहेत. जाणकारांनी मदत करावी.

शब्दपारखी: व्यूह रचायला समोर कोणीतरी लागतो. खासगी कंपनीला प्रतिस्पर्धी असतो, तिथे एक वेळ चालेल. सार्वजनिक बंदराने कोणाविरुद्ध व्यूह रचायचा, नदीविरुद्ध? ‘रणनीती’ला तोच आक्षेप. माझं मत ‘धोरण’.

सावली: ‘धोरण’ आधीच अडकलेलं आहे ना? सरकारचं बंदरधोरण म्हणजे पॉलिसी. तोच शब्द इथे वापरला तर वाचक गोंधळेल.

शब्दपारखी: ज्याचं धोरण त्याचं नाव पुढे लावा, गोंधळ मिटतो. ‘शासनाचं बंदरधोरण’ वेगळं, ‘बंदराचं दीर्घकालीन धोरण’ वेगळं. घरातसुद्धा आपण ‘त्याचं धोरण वेगळंच आहे’ म्हणतो, तेव्हा कुठल्या परिपत्रकाबद्दल बोलत नसतो.

गोदीकर: आधी या दोन कागदांत फरक काय ते पाहू, शब्द आपोआप सुचतील. मास्टर प्लॅन हा मुळात नकाशा. धक्का कुठे वाढवायचा, रेल्वेचा फाटा कुठून आणायचा, गोदामं कुठे, पुराची रेषा कुठवर. त्याला ‘बृहत् आराखडा’ हा शब्द चांगला रुळलेला आहे, तोच ठेवा. स्ट्रॅटेजिक प्लॅनमध्ये नकाशाच्या आधीचे प्रश्न असतात. कोणता माल धरायचा, कोणता हळूहळू सोडायचा, काठाची जमीन कोणाला आणि किती वर्षांसाठी द्यायची, काय अजिबात द्यायचं नाही.

जर्मनीतलं ड्यूसबर्ग घ्या. ऱ्हाइन आणि रूर नद्यांच्या संगमावरचं हे बंदर जगातलं सर्वांत मोठं अंतर्देशीय बंदर म्हणून ओळखलं जातं. बंदर कंपनीची मालकी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्य आणि शहर यांच्याकडे, म्हणजे पूर्णपणे सार्वजनिक. कोळसा आणि पोलाद यांवर ते मोठं झालं. पलीकडच्या काठावर ऱ्हाइनहाउझनला क्रुपचा पोलाद कारखाना होता, तो १९९३ मध्ये बंद पडला. १९९८ पासून त्याच जागेवर कंटेनर आणि गोदामांचं ‘लॉगपोर्ट’ उभं राहत गेलं. जागा तीच, नदी तीच, पण बंदर कशावर जगणार याचं उत्तर बदललं. ते उत्तर म्हणजे धोरण. नवे रूळ आणि क्रेन कुठे बसले, तो आराखडा.

उतारू: हे पटलं. आता ‘लँडलॉर्ड’? ‘जमीनदार बंदर’ लिहिलं तर कुळकायदाच आठवतो.

सावली: ‘जागामालक बंदर’ कसं वाटतं? अर्थ एवढाच की जमीन आणि धक्का सार्वजनिक संस्थेकडे राहतो आणि माल चढवण्या-उतरवण्याचा धंदा भाडेपट्ट्याने किंवा कराराने दुसरे करतात. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात हे सांगून टाका, पुढे नुसतं ‘जागामालक’ पुरेल.

शब्दपारखी: इथे थोडं विषयांतर. भारतातल्या मोठ्या बंदरांचा १९६३ चा कायदा ‘विश्वस्त मंडळा’चा होता. २०२१ च्या कायद्याने त्याच्या जागी ‘प्राधिकरण’ आणलं. कारभाराच्या सोयीसाठी असेल, तक्रार नाही. पण ‘विश्वस्त’ या शब्दात जमीन दुसऱ्यासाठी सांभाळतो आहोत हे आपोआप येत होतं, ‘प्राधिकरणा’त फक्त अधिकार ऐकू येतो. उतारू, तुमच्या दस्तऐवजात ‘ट्रस्ट’ असेल तर ‘विश्वस्त’ जपून ठेवा.

गोदीकर: ‘सार्वजनिक’बद्दलही सावध राहा. त्याचे दोन अर्थ आहेत आणि इंग्रजी दस्तऐवज दोन्हींत बिनधास्त फिरतात. एक मालकीचा: बंदर राज्याचं, शहराचं. दुसरा वापराचा: ठरलेलं शुल्क भरेल त्या कोणाचाही माल उतरेल. कारखान्याने स्वतःपुरती बांधलेली जेटी या दुसऱ्या अर्थाने सार्वजनिक नाही, जमीन सरकारची असली तरी. पहिल्यासाठी ‘सार्वजनिक मालकीचं’ आणि दुसऱ्यासाठी ‘सर्वांना खुलं’ असं फोडून लिहा. नियोजनातला अर्धा वाद इथेच असतो. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला सगळा धक्का दिला की मालकी सार्वजनिक राहते आणि बंदर मात्र खुलं राहत नाही.

सावली: ‘दीर्घकालीन’वरही माझं एक म्हणणं आहे. करारही दीर्घकालीन, धोरणही दीर्घकालीन असं लिहू नका. भारतातल्या मोठ्या बंदरांत खासगी टर्मिनलचे करार साधारण ३० वर्षांचे असतात. तुमचं धोरण वीस वर्षांचं. म्हणजे आज सही केलेला करार धोरणापेक्षा दहा वर्षं जास्त जगणार! कराराला शेवटची तारीख असते, म्हणून तो ‘दीर्घ मुदतीचा’. धोरण ‘दीर्घकालीन’ किंवा ‘दूर पल्ल्याचं’. आणि जमेल तिथे सरळ आकडाच द्या.

रेघोट्या: ‘हिंटरलँड’, म्हणजे बंदराचा माल जिथून येतो आणि जिथे जातो तो प्रदेश, त्याला शाळेच्या भूगोलात ‘पृष्ठप्रदेश’ होता. वापरा. कोलकात्याच्या पृष्ठप्रदेशात नेपाळ आणि भूतानही येतात, त्यामुळे ‘आसपासचा परिसर’ वगैरे लिहून चालणार नाही.

उतारू: राहिलं ‘गेज’, म्हणजे नदीवरच्या मापकाचा आकडा. मी सध्या ‘पाण्याची खोली’ लिहिलं आहे.

गोदीकर: नको! नदीबंदराच्या कागदात यापेक्षा महाग पडणारी चूक नाही. ऱ्हाइनवर काउब इथे ऑक्टोबर २०१८ मध्ये गेज २५ सेंटिमीटरवर आलं होतं. खोली तेवढीच असती तर होडकंसुद्धा अडलं असतं, पण जहाजं चालू होती, नेहमीपेक्षा खूप कमी माल भरून. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर मेम्फिसला ऑक्टोबर २०२२ मध्ये आकडा उणे १०.८१ फूट होता. उणे खोली कशी असेल? हा आकडा एका ठरवलेल्या शून्यापासून मोजलेला असतो आणि तो शून्य नदीच्या तळाशी असेलच असं नाही. ‘मापकावरची पातळी’ लिहा.

रेघोट्या: ‘पाणीपट्टी’ मात्र लिहू नका, लोक बिल शोधत बसतील.

गोदीकर: 😄 खोली वेगळी, आणि भरलेलं जहाज किती पाण्यात बुडतं ते तिसरंच. त्याला गोदीत सगळे ‘ड्राफ्ट’च म्हणतात, तसंच राहू द्या. वीस वर्षांच्या धोरणात हे तिन्ही आकडे वेगवेगळे लागतात. नदीची पातळी आपल्या हातात नाही, खोली थोडीफार गाळ काढून राखता येते आणि ड्राफ्ट जहाज निवडून कमी करता येतो. कोलकात्यासाठी असे वेगवेगळे प्रयत्न झाले. गंगेचं पाणी हुगळीत वळवून गाळ वाहून जावा म्हणून फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला, जास्त ड्राफ्टच्या जहाजांसाठी खाली समुद्राच्या बाजूला हल्दियाची गोदी १९७७ मध्ये आली, आणि गाळ काढणं आजही सुटलेलं नाही.

उतारू: सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालं आहे: ‘मंडळाने बंदराचं वीस वर्षांचं दीर्घकालीन धोरण मंजूर केलं असून बृहत् आराखडा त्याला धरून दर पाच वर्षांनी सुधारला जाईल.’

शब्दपारखी: ‘वीस वर्षांचं’ असताना ‘दीर्घकालीन’ कशाला? काढून टाका. बाकी छान.

गोदीकर: आणि तक्त्यांच्या मथळ्यांतली ‘खोली’ एकदा तपासा. मजकूर सगळे दुरुस्त करतात, तक्ते तसेच छापले जातात.