आपल्या मंडळीचे पाळक: तुमचे अनुभव लिहा

रंगभवनची_लेक: सलाम सगळ्यांना. काल आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नव्या पाळकसाहेबांचं (धर्मगुरूंचं) स्वागत झालं. बिशपसाहेबांनी नेमणुकीचं पत्र वाचलं, कमिटीने हार घातले आणि मला एकदम आमच्या लहानपणीचे पाळक आठवले. पप्पांची गिरणी बंद पडली तेव्हा ते रोज संध्याकाळी सायकलवरून चाळीत यायचे. उपदेश नाही की काही नाही. फंडाचे फॉर्म भरून द्यायचे, अर्ज लिहायचे. शेजारचे पद्मशाली काकासुद्धा कागद घेऊन रांगेत बसायचे. त्यांना चर्चशी काही देणंघेणं नव्हतं, पण पाळकसाहेबांनी कधी विचारलंही नाही. त्यांच्यामुळेच मला वाटतं की पाळक कसा आहे ते वेदीवर कळत नाही, चाळीत कळतं. तुमचे कोण होते? लिहा.

विजापूर_वेस: अगं ते सायकलवाले! आमच्याकडेही तेच होते बहुतेक. घरप्रार्थनेला आले की आधी आजीच्या हातचा चहा, मग गीत. पेटी स्वतः वाजवायचे.

डेव्हिडकाका: जुनं सांगतो, लांबलं तर माफ करा. आम्ही मूळचे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांनी इथे उभ्या केलेल्या मंडळीचे. १९२४ पासून युनायटेड चर्च, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं. माझे वडील तेव्हा कमिटीवर. आमच्या पद्धतीत बिशप हा प्रकारच नव्हता, जे ठरायचं ते मंडळीच्या सभेत, म्हातारीकोतारीसुद्धा हात वर करायची. त्यामुळे वडील नाराज. अँग्लिकन आले, बिशप आले. बॅप्टिस्ट आले म्हणून बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा, दोन्ही मान्य. घरात रात्र रात्र वाद चालायचे. पुढे माझं कन्फर्मेशन (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) बिशपांच्या हातून झालं तेव्हा वडील पहिल्या बाकावर होते, डोळे पुसत.

रंगभवनची_लेक: काका, हे वेगळं लिहाच. आमच्या पिढीला काहीच माहीत नाही.

सुनीता_एम: स्वयंपाक करता करता लिहितेय. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. आईबाप कोण, गाव कुठलं, काही कळलं नाही. मिशनने वाढवलं, शिकवलं, मोठी झाल्यावर ती बायबल बाई, म्हणजे घरोघर बायबल सांगणारी बाई, झाली. वाड्यांतून फिरायची, बायकांना अक्षरं शिकवायची. हार्डिंग यांच्या नावाची बालवाडी सोलापुरात आहे ना, तिथे आमच्या घरातली पोरं पिढ्यानपिढ्या गेली. पाळकांची नावं फलकावर असतात, या बायकांची कुठेच नाहीत. हे मला फार लागतं.

विजापूर_वेस: सुनीताताई, अंगावर काटा आला. भाजी करपली नाही ना?

सुनीता_एम: नाही गं, झाली.

प्रकाश_अक्कलकोट_रोड: का बे, नुसतं गोडच लिहिणार का सगळे? आमच्याकडे कमिटीच्या निवडणुकीत दोन गट पडले. मग जागेवरून कोर्ट. चांगल्या पाळकांची मध्येच बदली झाली, दानपेटीचा हिशोब मागणारे वाईट ठरले. माझे वडील खजिनदार होते, पैशापैशाची पावती ठेवायचे. हिशोब मागणं म्हणजे मंडळीवरचं प्रेमच आहे, असं मी मानतो.

डेव्हिडकाका: प्रकाश, बरोबर बोललास. सभेत हात वर करायची सवय गेली की हे होतं.

रूथ_नगरवाली: मी मूळची नगरची, लग्न होऊन सोलापूरला. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तन असायचं, झांजा, पेटी, सगळं. नारायण वामन टिळकांची भजनं सासूबाईंना तोंडपाठ. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी तेच भजन लागलं आणि मला माहेर भेटलं. इथल्या पाळकसाहेबांनी नंतर मुद्दाम येऊन विचारलं, नगरची चाल वेगळी आहे का? शिकवाल का आमच्या तरुण संघाला? नवी सून म्हणून कोणी असं विचारलेलं विसरत नाही माणूस.

अनघा_जे: महिला पाळक कोणाच्या मंडळीत होत्या का? सी.एन.आय.मध्ये बायकांना पाळक म्हणून दीक्षा मिळते, तरी माझ्या लेकीला अजून एकही बघायला मिळाली नाही. ओडिशात फुलबनीला २०२३ मध्ये व्हायोलेट नायक बिशप झाल्या, सी.एन.आय.च्या पहिल्या महिला बिशप. लेकीला फोटो दाखवला तर म्हणाली, मम्मी, मग मी पण होऊ शकते.

सुनीता_एम: होऊ दे गं! माझ्या पणजीला किती बरं वाटलं असतं.

प्रकाश_अक्कलकोट_रोड: विषय सोडून विचारतो, हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात यंदा कोंबडा कोणी घेतला?

विजापूर_वेस: आमच्या भावाने. घरी आणला, आता पोरं त्याला कापू देत नाहीत.

रूथ_नगरवाली: आमच्याकडे पपईवरून चढाओढ लागली होती. पैसे वसतिगृहातल्या मुलांच्या वह्यांना गेले. शेंगाचटणीचे डबे कोणी दिले होते? ऑर्डर घेतात का ते?